पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपी : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

खोकला आला की लघवीचे थेंब कपड्यांत उतरतात. बाथरूम गाठेपर्यंत लघवी धरवत नाही. दिवस कलला की खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं. शौचाला बसून कितीही कुंथलं तरी पोट साफ होत नाही. शरीरसंबंधाच्या वेळी इतकं दुखतं की त्याची धास्तीच बसते. या तक्रारी घेऊन माणसं वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात, पण पुष्कळदा त्यांचं मूळ एकाच ठिकाणी असतं : ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंमध्ये. या स्नायूंनाच पेल्विक फ्लोअर म्हणतात, आणि त्यांची फिजिओथेरपी हा यातल्या बऱ्याच तक्रारींवरचा पहिला उपचार आहे. गोळ्या आणि शस्त्रक्रिया त्यानंतर येतात.

तरीही लोक वर्षानुवर्षं पॅड लावून दिवस काढतात. ‘वय झालं, आता असं होणारच’, ‘बाळंतपणानंतर एवढं चालायचंच’ असं घरचेही सांगतात आणि कधी कधी डॉक्टरही. त्रास अनेकांना होतो हे खरं, पण म्हणून तो सोसलाच पाहिजे असं मुळीच नाही.

दुसऱ्या टोकाला, मोबाइलवर व्हिडिओ पाहून लगेच ‘केगेल’, म्हणजे हे स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम, करायला लागणारे आहेत. त्यांना एकच गोष्ट कळकळीनं सांगायची आहे : आपला स्नायू कमजोर आहे की ताठर, हे कळल्याशिवाय आवळायला सुरुवात करू नका. दोन्हींचा उपचार वेगळा आहे. ताठरलेला स्नायू आणखी आवळत राहिलात तर दुखणं वाढतं.

आधी जागा समजून घ्या

पुढे जांघेच्या मधलं हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना बसताना टेकतात ती हाडं. या चौकटीत झोळीसारखा स्नायूंचा थर ताणलेला असतो. मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय यांना खालून त्याचाच आधार असतो. लघवीची, शौचाची आणि योनीची वाट याच थरातून जाते. त्यामुळे आधार देणं, वाटा बंद ठेवणं, वेळ आली की त्या मोकळ्या करणं आणि संबंधाच्या वेळी आकुंचन-प्रसरण पावणं अशी सगळी कामं त्याच्याकडे आहेत. पुरुषांनाही हा थर असतो. त्रासही होतो, फक्त त्याबद्दल बोललं जात नाही.

श्वासाशी त्याचं नातं जवळचं आहे. श्वास आत घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो आणि ओटीपोटाचा तळही किंचित खाली सरकतो. श्वास सोडताना दोन्ही वर जातात. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना पोटातला दाब अचानक वाढतो, तेव्हा या थरानं क्षणात आवळून तो दाब झेलायचा असतो. म्हणून यात दोन प्रकारचे तंतू आहेत : दिवसभर हलका ताण धरून ठेवणारे आणि झटक्यात आवळणारे. व्यायामातही दोन्हींची तयारी करावी लागते.

बिघाड मुख्यतः दोन प्रकारचा. स्नायू कमजोर पडला किंवा बाळंतपणात ताणला-फाटला, तर खोकताना लघवी गळणं, वारा न अडवता येणं, अंग बाहेर येणं असे त्रास होतात. स्नायू ताठर राहिला, सैल सोडताच येईना, तर संबंधाच्या वेळी वेदना, लघवीची धार अडखळणं, लघवी करूनही पुन्हा लागल्यासारखं वाटणं, मलावरोध, माकडहाडाजवळ किंवा गुदद्वारात दुखणं असे त्रास दिसतात. हे विभाजन कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात ताठर स्नायूही थकून कमजोर झालेला असू शकतो आणि त्या माणसाची लघवीही गळते. म्हणूनच केवळ लक्षणं वाचून स्वतःचं निदान करण्यात धोका आहे.

पहिली पायरी : डॉक्टरांची तपासणी

फिजिओथेरपीआधी एकदा डॉक्टरांना दाखवा. लघवीची साधी तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहायला हवं. संसर्गानंही वारंवार आणि घाईची लघवी लागते, आणि तो व्यायामानं जात नाही. मधुमेह असेल किंवा लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेही सांगा.

काही लक्षणांना थांबायला वेळ नसतो. लघवीतून किंवा शौचातून रक्त, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, कारण नसताना घटणारं वजन, यांसाठी लवकर डॉक्टर गाठा. लघवी अचानक पूर्ण अडली, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायांतली ताकद गेली किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच तासाला रुग्णालयात जा. मणक्यातल्या नसांवर दाब आल्याची ही खूण असू शकते.

दुसरी पायरी : तीन दिवसांची नोंद

पहिल्या भेटीला जाण्याआधी तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता काय आणि किती प्यायलात, किती वाजता लघवीला गेलात, किती झाली, गळती कधी झाली आणि तेव्हा काय करत होतात, हे त्यात लिहा. लघवी मोजायला खुणांचा एक प्लॅस्टिकचा मग वेगळा ठेवा. शौचाची वेळ आणि ते घट्ट होतं की सैल, हेही लिहा.

हे कंटाळवाणं काम आहे आणि बरेच जण टाळतात. माझ्या मते मात्र सबंध उपचारातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी आहे. साधारणपणे मोठ्या माणसाला दिवसात सहा ते आठ वेळा लघवी होते आणि मूत्राशयात ३०० ते ५०० मिलिलीटर मावते. वहीत दर तासाला १०० मिलिलीटर दिसत असेल, तर प्रश्न मूत्राशयाच्या सवयीचा असण्याची शक्यता मोठी. शिंकताना आणि जिना उतरताना गळती, एरवी सगळं ठीक, असं दिसलं तर विचार वेगळ्या दिशेनं जातो. कधी कधी असंही निघतं की माणूस गळतीच्या भीतीनं दिवसभर पाणीच पीत नाही. त्यामुळे लघवी दाट होते, मूत्राशयाची आग होते आणि घाई वाढते.

तिसरी पायरी : योग्य फिजिओथेरपिस्ट

प्रत्येक फिजिओथेरपिस्ट हे काम करत नाही. कंबर-गुडघ्यांवर उत्तम काम करणाऱ्या व्यक्तीला याचं प्रशिक्षण असेलच असं नाही. वेळ घेताना फोनवर सरळ विचारा : पेल्विक फ्लोअरचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का? आतून तपासणी करता का? माझ्यासारख्या तक्रारीचे रुग्ण पाहता का? तपासणी बंद खोलीत होते का? पुरुष रुग्णांनी तर हे आवर्जून विचारावं, कारण काही ठिकाणी फक्त स्त्रियांनाच पाहतात. या प्रश्नांवर समोरची व्यक्ती गडबडली किंवा चिडली, तर दुसरीकडे चौकशी करा.

चौथी पायरी : पहिली भेट

याच भेटीची सर्वांत जास्त भीती असते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवातीचा बराच वेळ फक्त बोलण्यात जातो. बाळंतपणं किती, टाके पडले होते का, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला होता का, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, पाळी, मलावरोध, जुना खोकला, काम कसलं, वजन किती उचलता, संबंधाच्या वेळी दुखतं का. प्रश्न खासगी असतात, पण एकही उगाच नसतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी द्यायचं नसेल तर ‘हे नंतर सांगेन’ म्हणा. शरीराशी जबरदस्ती झालेली असेल आणि स्पर्शाची भीती वाटत असेल, तर तपशील न सांगता एवढंच कळवलंत तरी तपासणीची पद्धत बदलता येते.

मग उभं राहण्याची ढब, श्वास, पोटाचे स्नायू, कंबर आणि खुबे पाहिले जातात. बाळंतपणानंतर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेले आहेत का, तेही पाहतात.

त्यानंतर आतली तपासणी. ती कशी होईल हे आधी समजावून सांगायला हवं आणि तुमची स्पष्ट संमती घ्यायला हवी. गुडघे वाकवून पाठीवर झोपायचं, अंगावर चादर असते. आधी बाहेरून पाहतात, खोकायला सांगतात. मग हातमोजा घालून, वंगण लावून एक बोट योनीतून (पुरुषांमध्ये गुदद्वारातून) आत घालतात. कुठे दुखतं, कुठे गाठीसारखा ताण आहे, आवळायला सांगितल्यावर किती जोर लागतो, तो किती सेकंद टिकतो, आणि सोडा म्हटल्यावर स्नायू खरंच सुटतो का, हे सगळं त्या बोटाला कळतं. ताकदीला ० ते ५ असे गुण देतात. यात धातूचं उपकरण लागत नाही.

तुम्ही केव्हाही ‘थांबा’ म्हणू शकता, आणि थांबलंच पाहिजे. कुणाला सोबत बसवायचं असेल तर बसवा. कधीच संबंध आलेला नसेल, फार दुखत असेल किंवा नुसतं नको वाटत असेल, तर बाहेरून हात ठेवून किंवा पोटावरून सोनोग्राफी करूनही स्नायूची हालचाल पाहता येते. माहिती थोडी कमी मिळते, पण उपचार अडत नाही. पाळी चालू असेल तर भेट रद्द करायलाच हवी असं नाही, आधी कळवा म्हणजे झालं. बाळंतपणानंतर मात्र जखम भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, आतली तपासणी करत नाहीत.

पाचवी पायरी : बरोबर आवळायला आणि सोडायला शिकणं

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत नुसती ‘आवळा’ म्हणून सोडून देण्याची नव्हती. योनीतला दाब दाखवणारं उपकरण लावून, आपण बरोबर करतोय की नाही हे ते रुग्णालाच पाहू देत. पुढे नाव उरलं आणि तो भाग गळून गेला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना फक्त तोंडी सूचना देऊन आवळायला सांगितलं, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमलं. चौघींपैकी एक तर अशा रीतीनं जोर लावत होती की गळती उलट वाढावी. तपासणीचा एवढा आग्रह का, ते यावरून कळेल.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पोट सैल सोडा. वारा अडवताना जसं करतो तसं गुदद्वार आवळा, तोच ताण पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणा आणि आत, वर उचला. पुरुषांना लिंगाचं मूळ आत ओढल्यासारखं आणि अंडकोश किंचित वर गेल्यासारखं जाणवेल. मग पूर्ण सोडा. खाली उतरल्याची जाणीव येईपर्यंत थांबा, मगच पुढचं आकुंचन.

नितंब आवळले जात असतील, मांड्या जवळ येत असतील, श्वास अडत असेल किंवा खाली जोर दिला जात असेल, तर ते चुकतंय. मोठ्यानं आकडे मोजा, म्हणजे श्वास अडकणार नाही. आरसा धरून पाहिलंत तर बरोबर आवळल्यावर योनी आणि गुदद्वारामधला भाग आत जाताना दिसतो. तो बाहेर फुगला तर तुम्ही कुंथताय.

लघवी करताना मध्येच धार थांबवून व्यायाम करायचा सल्ला अजूनही दिला जातो. तो पाळू नका. लघवीच्या वेळी हे स्नायू सुटायचे असतात, आणि रोज उलट सवय लावली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यात अडथळा येऊ शकतो.

सहावी पायरी : घरचा कार्यक्रम

स्नायू कमजोर असेल तर कार्यक्रम ताकदीचा. सुरुवात तुम्हाला जमतं तिथून. तपासणीत तीन सेकंदच पकड टिकली असेल तर तीन सेकंद आवळा, निदान तेवढाच वेळ सोडा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. त्याबरोबर झटक्यात आवळून झटक्यात सोडायचे काही फेरे. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचनं आणि असं निदान तीन महिने, देखरेखीखाली करायला सांगितलं आहे. आधी झोपून, मग बसून, मग उभ्यानं, शेवटी चालता-वाकताना. झोपून उत्तम जमणारा व्यायाम उभ्यानं फसतो, आणि गळती तर उभ्यानंच होत असते, म्हणून पुढच्या टप्प्यांवर जायलाच हवं.

यातली एक युक्ती पहिल्या आठवड्यापासून वापरा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटताच, किंवा वजन उचलण्याच्या ऐन आधी, ओटीपोटाचा तळ आवळून धरा. ताकद वाढण्याची वाट न पाहता नुसत्या या वेळ साधण्यानंच बऱ्याच जणींची गळती कमी होते.

स्नायू ताठर असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तुमचा व्यायाम आहे सोडण्याचा. एक हात पोटावर ठेवून सावकाश श्वास घ्या, पोट आणि बरगड्या फुगू द्या आणि त्या श्वासाबरोबर गुदद्वार, योनी, माकडहाडाची जागा सैल होऊन पसरते आहे याकडे लक्ष द्या. दिवसातून दोन-तीनदा, पाचेक मिनिटं. गुडघे छातीशी घेऊन पडणं, उकिडवं बसणं, खुब्यांचे ताण मोकळे करणं हे त्याच्या जोडीला. फिजिओथेरपिस्ट आतून ताठ जागांवर हलका दाब देऊन त्या सैल करतात. आत काही घालायलाच जमत नसेल, तर लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमानं येणारे डायलेटर, म्हणजे वाट हळूहळू सैल करणाऱ्या गुळगुळीत कांड्या, वापरायला शिकवतात. ते स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गतीनं वापरायचे असतात. दात-ओठ खाऊन सहन करणं हा त्याचा भाग नाही, कारण दुखलं की स्नायू पुन्हा आवळतो. पुरुषांमध्ये वृषणांच्या मागे किंवा लिंगाच्या टोकाशी राहणारं जुनं दुखणं प्रोस्टेटची सूज समजून औषधं दिली जातात, तपासण्या मात्र स्वच्छ येतात. अशा वेळी या ताठरपणाची तपासणी जरूर मागा.

लघवी आणि शौचाच्या सवयी

व्यायाम दिवसात काही मिनिटं होतो, सवयी दिवसभर चालतात. ‘निघायच्या आधी जाऊन येऊ’ म्हणून लागलेली नसताना दर वेळी लघवीला जाणं सोडा, त्यानं मूत्राशयाला थोड्यावरच रिकामं होण्याची सवय लागते. घाईची लघवी लागली तर धावू नका. जागीच थांबा किंवा बसा, पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा, श्वास शांत होऊ द्या. घाईची लाट ओसरली की चालत जा. दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी वाढवा. मूत्राशयाच्या या शिक्षणाला किमान सहा आठवडे द्यावे लागतात. चहा-कॉफी कमी केल्यानंही अनेकांची घाई उतरते. ताठर स्नायूवाल्यांनी यातलं आवळण्याचं तंत्र विचारल्याशिवाय करू नये, श्वासावर भर द्यावा.

लघवी करताना नीट टेकून बसा. अर्धवट उभं राहून स्नायू सुटत नाहीत. जोर लावू नका.

शौचासाठी गुडघे कमरेपेक्षा वर हवेत. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्या, पुढे झुका, कोपर मांड्यांवर टेका. या स्थितीत गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. तोंड उघडं ठेवून श्वास सोडत पोट हलकं पुढे ढकला. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, पुन्हा इच्छा झाली की जा. काही जणांचा स्नायू कुंथताना सुटण्याऐवजी आवळतो. अशा मलावरोधात रेचकांवर रेचकं घेऊन फारसं साधत नाही. पडद्यावर स्नायूची हालचाल दाखवणारं बायोफीडबॅक तिथे खरोखर उपयोगी पडतं.

यंत्रांबद्दल

ज्याला स्नायू हलवताच येत नाही, त्याला विजेच्या सौम्य उत्तेजनाचा उपयोग होतो. ज्याला नीट आवळता येतं त्याला त्याची सहसा गरज नसते. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर हे यंत्र लावत नाहीत. स्वतःहून विकत घेण्याची घाई करू नका.

बाळंतपण, अंग बाहेर येणं, प्रोस्टेट

बाळंतपणानंतर लघवीची नळी निघाली आणि दुखत नसेल, तर हलकी आकुंचनं पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतात. सिझेरियन झालं असलं तरीही, कारण नऊ महिन्यांचा भार या स्नायूंनी पेललेलाच असतो. फाटणं गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलं होतं असं सांगितलं असेल, तर त्रास नसला तरी एकदा तपासून घ्याच.

अंग बाहेर येत असेल तर व्यायामानं ते पूर्ण वर जाईल अशी आशा कुणी दाखवली तर सावध व्हा. सुरुवातीच्या दोन टप्प्यांत जडपणा आणि त्रास कमी होण्याची चांगली शक्यता असते, त्यासाठी देखरेखीखाली निदान १६ आठवडे द्या. त्यापुढे योनीत बसवायची पेसरी (आतून आधार देणारं छोटं साधन) किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार डॉक्टरांबरोबर करायचा.

प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर व्यायाम आधीच शिकून घ्या. शस्त्रक्रियेनंतर नळी असेपर्यंत थांबा, ती निघाल्यावर पुन्हा सुरू करा. सुरुवातीची गळती पाहून खचू नका, ती ओसरायला महिने लागतात.

किती दिवसांत फरक पडतो

सवयी बदलल्याचा परिणाम दोन-तीन आठवड्यांत दिसू शकतो. स्नायूची ताकद वाढायला मात्र तीन महिने धरा. दुसऱ्या महिन्यात फारसं काही जाणवत नाही आणि नेमके तिथेच लोक सोडतात. त्या सुमारास पुन्हा तीन दिवसांची नोंद करा आणि जुन्या पानांशी ताडून पाहा. रोज सहा पॅड लागत होते तिथे चार लागत असतील तर ती प्रगतीच आहे, अंगावर जाणवली नसली तरी.

तीन महिने नीट करूनही काहीच बदल नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडून आकुंचन पुन्हा तपासून घ्या. पद्धत बरोबर असेल तर मूत्रविकारतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कारण औषधं आणि शस्त्रक्रिया यांचे पर्याय अजून खुले असतात. बरं वाटल्यावर व्यायाम एकदम बंद करू नका, दिवसातून एक फेरा चालू ठेवा. पुढचं बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ, लांबलेला खोकला किंवा वाढलेलं वजन यांनंतर तक्रार परत येऊ शकते. तसं झालं तर पुन्हा एकदा तपासणी करून घ्या, कारण त्या वेळी स्नायूची अवस्था पहिल्यासारखीच असेल असं नाही आणि जुना कार्यक्रम तसाच लागू पडेल असंही नाही.